अस्वलाच्या डोळ्यांची तक्रार

तिचं खरं नाव काय, ते गल्लीत कुणालाच आठवत नसे. सगळे तिला शंकाताई म्हणत, आणि तेही तोंडावर. पाठीमागे म्हटलं तर तिला कळल्यावाचून राहायचं नाही, याची सगळ्यांना खात्री होती. दुधाची पिशवी ती उजेडात धरून बघे. दाराची बेल वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बघे, मग विचारी कोण आहे, आणि उत्तर मिळालं की पुन्हा एकदा फटीतून बघे. कुणी ‘सहज आलो होतो’ म्हटलं की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच. माणूस सहज कुठे जात नाही, असं तिचं पक्कं मत होतं.

धंदा मात्र तिने असा निवडला होता की ज्यात लोकांना दुसऱ्यांकडे चोरून बघता यावं. ती डोळे बनवायची. बागेत, दुकानांपुढे, मुलांच्या नाटकात केसाळ जनावरांचे मोठाले पोशाख घालून माणसं उभी असतात ना, त्या जनावरांचे डोळे. आतल्या माणसाला त्या डोळ्यांतून बाहेरचं सगळं दिसलं पाहिजे, आणि बाहेरच्या पोराला मात्र आतला माणूस दिसता कामा नये. म्हणून ते डोळे जाळीचे असतात. पांढरी पॉलिस्टरची जाळी, तिला बारीक बारीक भोकं, आणि त्या जाळीवर रंगीत बुबुळ छापलेलं.

घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं, पुढच्या खोलीत काम. खिडकीशी वहिनीचं शिलाई मशीन. वहिनी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून या दोघी, नणंद आणि भावजय, एकाच छपराखाली राहत होत्या. नणंद डोळे छापायची, भावजय ते कापून त्यांच्या कडेला पट्टी शिवायची. भिंतीशी प्रिंटर, आणि मधोमध टेबलावर तापवून दाबायची हीट प्रेस, जबडा उघडून बसलेली. बुबुळाचं चित्र खास कागदावर आरशातल्यासारखं उलटं छापायचं. कागदावर ते रंग इतके मरगळलेले दिसत की नवखा माणूस म्हणेल, शाई संपत आलीय. मग तो कागद जाळीवर पालथा घालायचा, खाली दुसरा जाड कागद अंथरायचा, म्हणजे भोकांतून पलीकडे गेलेली शाई त्यात मुरते, आणि प्रेसचा तापलेला जबडा वरून दाबायचा. उष्णतेने शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. कागद उचलला की खाली लखलखीत मधाळ बुबुळ. घामाने जात नाही, धुतल्याने जात नाही. एकच जपायचं, की दोन्ही डोळ्यांतली चमक एकाच बाजूला हवी. नाहीतर जनावर चकणं दिसतं आणि पोरं रडतात.

एवढं कुणालाही येईल. शंकाताईचं खरं कसब पुढे होतं, आणि ते ती पडद्याआड करायची. जाळी गरम आहे तोवर ती दोन्ही हातांनी कोपऱ्या-कोपऱ्यात तिरकी ताणायची, म्हणजे शाईने आवळलेली भोकं मोकळी व्हायची. मग आतल्या बाजूने जवळजवळ कोरड्या कुंचल्याने काळ्या रंगाचा हात फिरवायचा, इतका हलका की रंग फक्त धाग्याच्या पाठीला लागावा, भोकात उतरू नये. आतून काळी असलेली जाळी डोळ्यांना जाणवतच नाही, पलीकडचंच दिसतं. हा पडदा आला टोपीवाल्यामुळे.

टोपीवाला पलीकडच्या रस्त्यावर राहायचा. टोप्या, मुखवटे आणि फोमची डोकी बनवायचा. पूर्वी दोघांचं काम जोडीने चालायचं, डोकं त्याचं आणि डोळे हिचे. एक दिवस चपलांच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या सिंहाकडे तिचं लक्ष गेलं. डोळे तिचेच होते, अगदी डाव्या पापणीतला तिच्या हातून चुकून वाकडा गेलेला केससुद्धा, पण ते तिने छापलेले नव्हते. टोपीवाल्याने टोपी घातली, हे ती नंतर ज्याला त्याला सांगत सुटली. त्याच्याशी बोलणं बंद केलं आणि खोलीत पडदा लावला. वहिनीलाही पडद्याआड यायची मुभा नव्हती. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ती ताकसुद्धा फुंकून पीत होती.

अशात तो अस्वलवाला आला.

गावाबाहेरच्या बालोद्यानात तो गेली कित्येक वर्षं अस्वल होता. छोट्या आगगाडीला हिरवं निशाण दाखवायचं, पोरांशी हात मिळवायचे, फोटोला उभं राहायचं. माणूस पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला मऊ. काखेत अस्वलाचं डोकं घेऊन आला. जुन्या डोळ्यांचे रंग उडाले होते. मालकाने नवे करून आणायला सांगितलं होतं. शंकाताईने केले. त्याने डोकं घालून बघितलं, दारातून रस्त्याकडे बघितलं, आणि म्हणाला की ताई, आजवर असे डोळे बघितले नव्हते. ती खूश झाली, पण दाखवलं नाही. फार स्तुती करणाऱ्याला काहीतरी हवं असतं.

दोनेक महिन्यांनी तो परत आला. जाळी तुंबलीय, म्हणाला. शंकाताईने डोळे उजेडात धरले. एकूण एक भोक मोकळं होतं. “घाम बसला असेल,” असं म्हणून तिने साबणाच्या पाण्याने धुऊन दिले. आठवड्याभरात पुन्हा हजर. आता म्हणे डाव्या जाळीत काळा धागा अडकलाय, केसासारखा, आणि दोन-चार ठिपके. तिने भिंग लावून बघितलं. धागा नाही, ठिपका नाही.

“कुठे आहे धागा?” तिने विचारलं.

“आता दिसत नाही. डोकं घातलं की दिसतो. मान वळवली की तोही सरकतो.”

जाळीतला धागा सरकत नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. तरीही धंद्याचं नाव राहावं म्हणून दुसरी जोडी करून दिली. ती घेताना त्याने पडद्याकडे बघत विचारलं, “भोकं मोकळी राहावीत म्हणून तुम्ही नक्की काय करता हो, ताई?”

झालं. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळलं. हा माणूस तक्रारीच्या निमित्ताने येतो, फुकट जोडी घेऊन जातो, वर कसब विचारतो. याला कुणीतरी पाठवलंय. आणि पाठवणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

पण तिचं मन एका संशयावर कधीच थांबत नसे. दुसऱ्या रात्री जेवता जेवता तिच्या डोक्यात आलं, की समजा धागा खरंच असला तर? छापताना तर नव्हता. मग शिवताना? वहिनी हल्ली काळा दोरा कुठून आणते? तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. पण सहज कुणी विचारत नाही हे तिनेच वहिनीला इतकी वर्षं शिकवलं होतं. वहिनीने ताट सरकवलं. म्हणाली, “वन्सं, सरळ म्हणा की मी काम नासवते.”

शंकाताई म्हणाली, मी तसं म्हटलं नाही. वहिनी म्हणाली, म्हटलं नाही पण तसंच बघितलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. काम मात्र थांबवून चालणार नव्हतं, म्हणून दोघी भिंतीशी बोलू लागल्या. “कुणाला तरी सांगा, प्रेस तापलीय,” असं शंकाताई छताकडे बघून म्हणायची. “कुणाला तरी सांगा, पट्टी संपलीय,” असं वहिनी शिलाई मशीनला सांगायची. चहा दोघी आपापला करत, आणि एकीचा झाला की दुसरी त्याच पातेल्यात पाणी घालून पुन्हा उकळायची.

अस्वलवाला तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आला तेव्हा म्हणाला, आता ठिपके वाढलेत, खालची बाजू तर धुक्यात गेल्यासारखी वाटते. तिने डोकं ठेवून घेतलं, बघते म्हणाली. तो गेल्यावर अंतर राखून त्याच्या मागे निघाली. कोपरा वळल्यावर तो टोपीवाल्याच्या दारात उभा दिसला. टोपीवाला बाहेर आला, दोघं काहीतरी बोलले, टोपीवाल्याने हात हलवत मान डोलावली. शंकाताई विजेच्या खांबाआडून बघत होती. तिला राग आला, पण रागापेक्षाही बरं वाटलं. आपला संशय खरा ठरल्यावर माणसाला जे सुख होतं, त्याला तोड नाही.

डोकं तिने वरवर पुसून परत दिलं आणि पुरावा गोळा करायला स्वतः बालोद्यानात गेली. तिकीट काढलं, आगगाडीच्या छोट्या फलाटासमोर बाकावर बसली. अस्वल कामावर होतं. पोरं लोंबकळत होती, तो डुलत होता, निशाण दाखवत होता. तशी वागण्यात खोट नव्हती. पण ती डोळ्यांत तेल घालून बसली होती, तिला दिसायचं ते दिसलं. एका छत्रीच्या खांबाकडे बघून अस्वलाने बराच वेळ हात हलवला. डावीकडून एक पोरगी हात पुढे करून कितीतरी वेळ उभी राहिली. अस्वल तिच्याकडे वळलंच नाही, शेवटी तिची आई तिला ओढून घेऊन गेली. फलाटावरून उतरताना त्याने पाय आधी हवेतच चाचपला. शंकाताई मनात म्हणाली, मला बघितलं वाटतं लेकाने. जाळी खराब आहे असं दाखवायचं सोंग चाललंय.

मग तो तिकिटाच्या खोलीमागे गेला. ती पण लांबून गेली. त्याने डोकं काढलं, पाण्याची बाटली एका दमात संपवली, दुसरी उघडली, तीही संपवली, आणि तिसरीच्या शोधात बाकाखाली हात फिरवू लागला. कामचुकार आहे, असं तिने ठरवून टाकलं. त्या पोशाखात कुणालाही तहान लागेल, हे काही तिच्या मनात आलं नाही.

घरी येईपर्यंत तिचा बेत ठरला होता. अस्वलवाल्याला निरोप पाठवला की डोकं घेऊन या, अगदी नवीन, सगळ्यांत विरळ जाळी बसवून देते. तो सकाळीच आला. तिने डोकं पडद्याआड नेलं, दोन्ही डोळे उसवून काढले आणि तिथे काहीही बसवलं नाही. दोन मोठी रिकामी भोकं. अस्वलाच्या डोक्यात डोळे आतल्या माणसाच्या तोंडापासून बरेच पुढे असतात, आतून हात लागत नाही. आतल्या माणसाला जाळी आहे की नाही, ते फक्त बघून कळणार. आणि ज्याला कळणार नाही तो खोटारडा, एवढा तिचा हिशेब सरळ होता.

साक्षीदार हवा म्हणून ती छताकडे बघून म्हणाली, “कुणाला तरी सांगा, जरा इकडे येऊन उभं राहा.” वहिनी कपाळाला आठ्या घालून आली.

शंकाताईने मागून स्वतःच्या हाताने ते डोकं त्याच्या डोक्यावर चढवलं, त्याला समोरून बघूच दिलं नाही. खांदे धरून दाराकडे वळवलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

“बघा. आता कसं दिसतंय?”

अस्वलाने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, जरा वर केली. माणूस प्रामाणिकपणे विचार करताना जेवढा वेळ घेतो तेवढा त्याने घेतला.

“पहिल्यापेक्षा बरं आहे, ताई. खोटं कशाला बोलू? उजेड जास्त येतो. पण तो धागा आहेच. डाव्या बाजूला. आणि खाली अजून तुंबलंय थोडं.”

या क्षणासाठी तिने वाक्य तयार ठेवलं होतं. अख्खी रात्र ते घोळवलं होतं. त्यात टोपीवाल्याचं नाव होतं, फुकट नेलेली जोडी होती, आणि शेवटी ‘माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही’ असं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच.

“भाऊ, जाळी बसवलेलीच नाही.”

आतून हसल्यासारखा आवाज आला. त्याला वाटलं थट्टा करतेय. मग त्याने एक हात वर केला. त्याचं बोट अस्वलाच्या तोंडावरून चाचपडत डोळ्यापाशी आलं आणि आत गेलं. कुठेही न अडता गेलं. मनगटापर्यंत हात आत गेला आणि तिथेच थांबला.

चोर पकडला की तो कारणं सांगतो, हा तिचा अनुभव होता. हा काहीच सांगेना. वहिनीने तोंडाला पदर लावला.

मग अस्वलाच्या आतून आवाज आला, “मग धागा कुठे आहे?”

शंकाताईने अस्वलाचं डोकं उतरवलं, त्याला खुर्चीत बसवलं. तिच्या स्वभावाने तेव्हाही एक प्रयत्न करून बघितला. दाराबाहेर बोट करून विचारलं, समोरच्या फाटकावर काय लिहिलंय? त्याने डोळे बारीक केले, उजवा झाकला, मग डावा झाकला. डावा झाकल्यावर वाचलं. उजवा झाकल्यावर म्हणाला, “फाटक आहे ना तिथे?”

हळूहळू तो बोलायला लागला. घरीही असंच होतं, म्हणाला. स्वयंपाकघरातला दिवा त्याने दोनदा बदलून आणला, दुकानदाराशी भांडला की मंद दिवे विकतोस. वर्तमानपत्राची शाई फिकट झाली म्हणून पेपरवाल्याला बोलला. बायको फोन पुसत नाही म्हणून तिच्यावर चिडला. “मला वाटलं, हल्ली सगळेच हलका माल देतात.”

शंकाताई हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणायची. वहिनीने तिच्याकडे बघितलं.

“तुमच्यावरही संशय घेतला मी,” तो पुढे म्हणाला. “म्हणून टोपीवाल्याकडे गेलो होतो विचारायला, की ही जाळी तुंबते का म्हणून. तो म्हणाला, तिची जाळी तुंबत नाही. ती काय करते ते इतक्या वर्षांत मलाही कळलं नाही.”

हे ऐकून एरवी ती आठवडाभर हवेत चालली असती. त्या दिवशी तिने नुसती मान हलवली.

बोलली ती वहिनी. सरळ त्यालाच विचारलं, “तहान फार लागते का हो तुम्हाला? रात्री उठावं लागतं?” तो म्हणाला, लागते, पण पोशाखात असतो दिवसभर, घाम जातो, मग लागणारच. वहिनीने मान वळवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नणंदेला नणंद म्हणून हाक मारली. “वन्सं, यांची साखर तपासायला हवी. यांचं पण असंच होतं.” हे दुसरं ‘यांचं’ म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, शंकाताईच्या भावाचं. शंकाताईला बालोद्यानातल्या त्या बाटल्या आठवल्या. आपण तिथे बसून बघत होतो, आणि काय बघत होतो, हे तिला आता कळलं. तिने चप्पल घातली. एकटा सोडला तर हा दवाखान्यात जाणार नाही, याबद्दल तिला शंका नव्हती.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याची बायकोही येऊन पोचली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण नीट समजावून सांगत होत्या. साखर कुणाच्या लक्षात न येता बरीच वर्षं वाढत राहिली होती. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटत होत्या. त्याला जो धागा दिसत होता ते डोळ्यात उतरलेलं रक्त होतं, म्हणून तर तो मान वळवली की सरकायचा. लेसर करावं लागेल, साखर आटोक्यात आणावी लागेल. गेलेली नजर पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही, डाव्याची तर नाहीच. उरलेली मात्र राखता येईल.

शंकाताईने डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी घेतली. कुठे शिकलात, यंत्र कधी आणलं, कागदावरचं नाव त्याचंच आहे ना, दुसऱ्या कुणाचा फोटो तर नाही? त्याची बायको शरमेने खाली बघत राहिली. एवढं करूनही समाधान होईना म्हणून तिने दोघांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. हे दोघं एकमेकांना सामील असतील असं तिच्या मनात येऊन गेलं, पण त्याच्या बायकोचा चेहरा बघून ती ते बोलली नाही.

परत येताना तो म्हणाला, “ताई, मालकाला कळू देऊ नका. दुसरं काही येत नाही मला.”

ती म्हणाली, “मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत अस्वलाला डोळेही देणार नाही. तिथे आगगाडी आहे, पोरं आहेत.”

तो चिडला. मऊ बोलणारा माणूस चिडला की फार बोलत नाही, निघून जातो. तसाच गेला. अस्वलाचं डोकं तिच्याकडे फळीवर राहिलं, दोन भोकं घेऊन. दिवस गेले. तो येईना. तिला वाटू लागलं, नक्की टोपीवाल्याकडून दुसरं डोकं करवून घेतलं असेल, आणि एखाद्या दिवशी रुळांवर काहीतरी होऊन बसेल. शेवटी राहवेना म्हणून ती इतक्या वर्षांनी टोपीवाल्याच्या दारात गेली. तो कैची हातात घेऊनच पुढे आला. तिने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. तो म्हणाला, आला नाही. ती म्हणाली, आला तर करून देऊ नका. त्याने का म्हणून विचारलं. तिने थोडक्यात सांगितलं. त्याने कैची खाली ठेवली आणि म्हणाला, “नाही देणार.” तिने त्याच्यावर विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही, पण घरी येऊन ती शांत झोपली.

त्यानंतर लवकरच अस्वलवाला आला तो मालकाला घेऊनच. मालक जाडजूड, सतत फोन कानाला लावलेला. त्याने फोन बंद केला आणि खुर्चीत बसला. त्यालाही एक संशय होता, आणि तो फारच वेगळा निघाला. गेले काही महिने अस्वल अडखळतं, खांबाला हात दाखवतं, पायरी चुकतं, ते त्याच्या कानावर आलं होतं. त्याला वाटलं होतं, अस्वल दारू पितं. महिनाअखेरीला काढूनच टाकणार होता.

“मला सांगायचं ना आधी,” तो अस्वलवाल्याला म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. आजारी माणूस आणि दारुडा माणूस यांच्यात त्याच्या लेखी फरक होता, आणि हा त्यातला पहिला निघाला याचं त्याला बरं वाटलेलं दिसलं. लेसरचे दिवस संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी अस्वल करतो, म्हणाला. पुढचं पुढे बघू.

पुढचं असं झालं. उजव्या डोळ्याची नजर बरीचशी राहिली. डाव्याची गेली ती गेलीच, नुसता उजेड कळतो. तो पुन्हा अस्वल झाला, पण अर्धा दिवस, आगगाडीपासून लांब, कारंज्यापाशी. फुगे विकणारी बाई त्याचा पंजा धरून फिरते. पोरांना वाटतं अस्वलाचं लग्न झालं. काही दिवस साखर वर जाते, तेव्हा तो घरी बसतो, आणि त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. मालक चांगला आहे, पण इतकाही नाही.

नवे डोळे शंकाताईने केले ते जरा वेगळे. उजव्या जाळीचं बुबुळ थोडं नाकाच्या बाजूला सरकवलं, म्हणजे त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर जाळीचा फिकट, जास्त मोकळा भाग येतो. बाहेरून फरक कळत नाही, अस्वल किंचित विचारात पडल्यासारखं दिसतं एवढंच. त्याने घालून बघितले. ती बाजूला उभी राहून त्याच्याकडे रोखून बघत होती.

“धागा आहे अजून बारीकसा,” तो म्हणाला. “पण तो माझा आहे. जाळी चांगली आहे.”

वहिनी आता तिच्याशी बोलते. भांडतेही. एका सकाळी वहिनीने तिला उपाशीपोटी धरून तपासणीला नेलं. भावाला होतं, तुम्हालाही असू शकतं, एकाच घरातलं रक्त, असं तिचं म्हणणं. शंकाताईने आधी सुईचं पाकीट तपासलं, मग बाटलीवरचं नाव स्वतः वाचलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला. साखर अगदी योग्य होती.

तिला ते पटेना. इतकं चांगलं कसं असेल? तिने कागद उलटसुलट करून बघितला आणि दुसऱ्या तपासणी केंद्रात जाऊन पुन्हा रक्त दिलं. तिथेही तेच आलं. जिना उतरताना ती वहिनीला म्हणाली, “दोघांची यंत्रं एकाच कंपनीची असणार.”

वहिनीने तिचा हात धरला, कारण जिना अरुंद होता, आणि म्हणाली की घरी चला, गिऱ्हाईक येऊन बसलं असेल. सशाचे डोळे आज द्यायचे आहेत.